खेळातला अभ्यास

‘खेळणे पुरे झाले, आता अभ्यासाला बस!’ हे वाक्य कानावर पडले नाही असे मराठी घर शोधूनही सापडायचे नाही. खेळ वेगळा आणि शिकणे वेगळे, ही आपली पक्की समजूत त्यात दडलेली आहे.

समजुती मात्र घरोघरी निराळ्या असतात. आपल्या सोलापूरचेच पाहा. इथे मराठीच्या जोडीने कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. पूर्व भागातल्या विणकराच्या घरी मूल मागाच्या खडखडाटात वाढते. विडी वळणाऱ्या आईचे मूल तिच्या सुपाशेजारी रांगते. तिथे आई मुलाशी खेळायला बसत नाही. ते काम थोरल्या बहिणीचे. उलट नोकरदाराच्या घरी आई स्वतः ठोकळे मांडते, रंग विचारते, चुकले की सुधारते.

यातले कोणते घर बरोबर? बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमाला, अमेरिका, तुर्कस्तान आणि भारतातले ढोल की पट्टी हे आदिवासी गाव, अशा चार ठिकाणच्या तान्ह्यांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या शहरी आया मुलांना मुद्दाम धडे देत. ग्वाटेमालातली आणि आपल्याकडची मुले मोठ्यांच्या कामाकडे टक लावून पाहत शिकत. शिकत दोघेही होती. वाटा तेवढ्या निराळ्या होत्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखले होते. बोर्डीला 1945 मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू झाले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. बाईंनी आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, खडे मुलांच्या हाती आले.

म्हणून घरची प्रत्येक समजूत गोंजारावी असे नाही. मुलीच्या हाती भातुकली आणि मुलाच्या हाती विटीदांडू देताना आपण दोघांचेही अर्धे अंगण काढून घेतो. धाकट्याला कडेवर घेतलेल्या सात वर्षांच्या पोरीचा खेळ कधी संपला, हे घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही. तंबाखूच्या धुळीत बसलेल्या बाळाची काळजी तर वेगळीच. आणि इंग्रजी शाळेच्या धास्तीने घरची तेलुगू किंवा कानडी बंद करणारे पालक मुलाची बोलती वाटच अडवतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे.

गंमत अशी की, आपल्या परंपरेला खेळाचे वावडे नाही. संक्रांतीला बोरन्हाण घालताना बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे ओततो आणि भोवतीची पोरे ते वेचायला झेपावतात. तेव्हा ‘वेळ वाया गेला’ असे कुणी म्हणते का? मग ती मोकळीक एका दिवसापुरतीच का?

सुताचे रंग निवडणे, गठ्ठ्यातल्या चादरी मोजणे, पोळपाटावर वेडीवाकडी पोळी लाटणे. यात गणितही आहे आणि भाषाही. मुलाला कामाला जुंपायचे नाही, पण त्याची लुडबुड हाकलायचीही नाही. रोज तासभर मुलगा-मुलगी दोघांनाही अंगण मोकळे द्यावे आणि ती घरच्या भाषेत जे विचारतील त्याचे उत्तर द्यावे. पाटी-पेन्सिल कुठे पळून जात नाही. बालपण मात्र थांबत नाही.