काट्यावरची ‘हवा’

आष्टीहून एका शेतकऱ्याने विचारलंय : एकाच पोत्यातल्या सोयाबीनची ‘हवा’ एका यंत्रावर 12 आणि दुसऱ्यावर 14 कशी?

प्रश्न थेट पैशाचा आहे. हमीभावाने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. 2024च्या खरिपात केंद्राने ती 15 केली, तेव्हा कुठे अनेकांचा माल काट्यावर चढला.

बाजारात आपण ‘हवा’ म्हणतो ते खरं तर पाणी. गंमत अशी, की यंत्र ओळखतं तो फरक नेमका या दोघांतलाच! त्याच्या पेल्यात धातूचे दोन पृष्ठभाग समोरासमोर असतात, मध्ये दाणे. झाला कपॅसिटर. तो किती विद्युतभार साठवेल, म्हणजे त्याची धारिता, हे मधल्या पदार्थावर ठरतं. पदार्थाचा हा प्रभाव सांगणारा आकडा म्हणजे परावैद्युतांक. हवेचा तो 1, कोरड्या दाण्याचा जेमतेम दोन-तीन, पाण्याचा तब्बल 80! म्हणून दाण्यातलं थोडंसं पाणीही लपत नाही.

हे नीट मोजलं मायकेल फॅरडेने, 1837च्या सुमारास. पोकळ पितळी गोळ्यात दुसरा गोळा, अशा दोन सारख्या जोड्या. एकीत नुसती हवा, दुसरीत लाख. लाखेच्या जोडीने जास्त विद्युतभार धरला. बांगड्यांची ती लाख आणि आजचं ओलावामापक यांचं नातं असं जवळचं आहे.

फॅरडेचं नाव धारितेच्या एककाला मिळालं. पण अमेरिकी कृषी खात्यातल्या स्टुअर्ट नेल्सन यांनी कित्येक दशकं धान्याचे हे गुणधर्म निरनिराळ्या तापमानांना, वारंवारतांना चिकाटीने मोजले. त्यांचं नाव आपल्या शेतकऱ्यापर्यंत पोचायलाच हवं. कारण यंत्र पाणी मोजतच नाही. ते धारिता मोजतं आणि अशाच मोजमापांतून बेतलेल्या तक्त्यावरून टक्के सांगतं.

म्हणूनच आकडा हलतो. दाणे उन्हात तापलेले असले, पेल्यात दाबून भरले, यंत्रावर सोयाबीनऐवजी दुसरं पीक निवडलेलं राहिलं, की उत्तर चुकलंच. न्यायनिवाडा भट्टीचा : 103 अंशांवर 72 तास वाळवायचं आणि घटलेलं वजन पाहायचं. काट्यावर तेवढा वेळ कुणाला?

तेव्हा नमुना सावलीत निवू द्या, पोत्याच्या तळातलेही दाणे घ्या, तीन वेळा मोजून सरासरी काढा. पडद्यावर कोणतं पीक निवडलंय, हे विचारायला संकोचू नका. 15 टक्क्यांचा क्विंटल 12 वर आणला, तर वजन साडेतीन किलोंच्या आसपास घटतं. तेवढं पाणीच गेलेलं असतं. 85 किलो कोरडा माल मात्र जिथल्या तिथे असतो. त्याचं मोल नीट ठरावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.