मतलई वाऱ्याचे दोन-तीन तास

गोव्यात सर्फिंग होतं का, असं विचारणाऱ्याने गोव्याचा समुद्र बहुतेक वेळा दुपारी पाहिलेला असतो. मार्चमधल्या एखाद्या दिवशी चार वाजता आश्वे किंवा मांद्र्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर समोर नुसता फेस दिसतो. लाटा भरपूर असतात, पण एकीची पाठ दुसरीच्या पोटात घुसलेली. त्यांना ना ओळ असते ना अंतर. हे बघून माणूस ‘इथं काही होण्यासारखं नाही’ असं म्हणतो आणि परत फिरतो. त्याने जे पाहिलं ते खरं आहे, पण ते दुपारचं. त्याच किनाऱ्यावर त्याच दिवशी सकाळी सात वाजता लाटा नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारख्या एकामागून एक, सारख्या अंतराने आलेल्या असतात. हा समुद्र सर्फिंगचा नाही, हे मी मान्य करत नाही. त्याची वेळ ठरलेली आहे आणि ती पाळावी लागते, एवढंच.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे वाचलेले असतात. परीक्षेनंतर ते कुणाला लागत नाहीत. लाटेवर उभं राहणाऱ्याला मात्र रोज लागतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा हलकाच असतो. पण किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेला तो समोरून भिडतो, तिच्या अंगावरच्या बारीक लहरी पुसून टाकतो आणि तिचा माथा क्षणभर जास्त उचलून धरतो. लाट फुटायला किंचित उशीर होतो, आणि त्या उशिरातच माणसाला उभं राहायला जागा मिळते. सर्फर याला ऑफशोअर म्हणतात. मग ऊन चढतं, जमीन तापते आणि सकाळ सरता सरता वारा उलटतो. आश्वे-मांद्र्याच्या या पेडण्याच्या किनाऱ्यावर तो वायव्येकडून येतो आणि दुपारपर्यंत जोर धरतो. तीन-चार सेकंदांनी येणाऱ्या आखूड लाटा उठतात आणि मूळच्या ओळी त्यांच्याखाली हरवतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोव्यासमोरच्या लाटांच्या नोंदींवरून हे रोजचं चक्र मांडलं होतं; तो शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत खारा वारा सुटला की लाटांची उंची वाढते आणि दोन लाटांमधला वेळ कमी होतो. रात्री वारा पडला की दुरून आलेल्या लाटा पुन्हा वर दिसू लागतात. माझ्यासारखे लोक पहाटे उठतात ते एवढ्यासाठीच.

पण पहाट सुरू होते आदल्या रात्री, अंदाज बघण्यापासून. नवखा माणूस लाटेची उंची बघतो आणि थांबतो. मला उंचीच्या शेजारचा आकडा जास्त सांगतो: कालावधी, म्हणजे एक माथा गेल्यापासून दुसरा येईपर्यंतचे सेकंद. सात सेकंदांची तीन फुटी लाट आणि पंधरा सेकंदांची तीन फुटी लाट यांत फार फरक असतो. सात सेकंदांची जवळच कुठेतरी उठलेली असते आणि तिच्यात दम नसतो. पंधरा सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे ३५० मीटर लांब असते. तिच्या निम्म्या, म्हणजे पावणेदोनशे मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवू लागतो. आपल्या बाजूची समुद्रबूड जमीन उथळ आहे, त्यामुळे अशी लाट किनारा दिसण्याच्या खूप आधीपासून तळाला घासत, वळत येते आणि वाटेत बरीच ताकद गमावते. तरीही जे उरतं ते किनाऱ्यापाशी येताना ताठ उभं राहतं.

ही लाट येते कुठून? दक्षिण गोलार्धात चाळीस ते पन्नास अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वादळं जवळजवळ वर्षभर फिरत असतात. तिथं उठलेला स्वेल, वाऱ्यापासून सुटलेला आणि आता आपल्याच गतीने निघालेला, उत्तरेकडे येतो. पंधरा सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी साधारण ४२ किलोमीटर वेगाने सरकतो. पंचेचाळीस अंश दक्षिणेपासून गोव्यापर्यंतचं अंतर साडेसहा हजार किलोमीटरांच्या वर भरतं. म्हणजे आज सकाळी मांद्र्यात फुटणारी लाट सहा-सात दिवसांपूर्वी निघालेली असते आणि तिला जन्म देणारं वादळ एव्हाना संपलेलंही असतं. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी नोंदी घेऊन पॅसिफिकभर अशा लाटांचा माग काढला. हजारो किलोमीटर जाऊनही त्या फारशा क्षीण होत नाहीत, असं त्या मोहिमेत दिसलं. हे वाचल्यापासून गुडघाभर उंचीच्या लाटेलाही मी किरकोळ म्हणत नाही.

हिवाळ्यात आणखी एक पाहुणी येते. इराण आणि अरबस्तानाच्या बाजूला ‘शमाल’ नावाचा वायव्य वारा सुटला की त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे पोचतात. दोनापावलाच्या त्याच समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये त्यावर लिहिलं आहे. या लाटा आखूड असतात आणि वायव्येकडून येतात, म्हणून सरळ पश्चिमेला तोंड करून असलेल्या किनाऱ्यावर तिरप्या लागतात. दक्षिणेचा स्वेल आणि शमालच्या लाटा एकाच सकाळी आल्या की पाण्यात चौकडीची नक्षी उमटते. दोन ओळी जिथं छेदतात तिथं लाट टोकदार होऊन उठते. ती जागा दर वेळी बदलते, त्यामुळे अशा दिवशी शहाणा माणूससुद्धा नुसता धावत राहतो.

हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेकडून किनारपट्टीसाठी लाटांचा अंदाज रोज मिळतो. तो मुख्यतः मच्छीमारांसाठी असतो आणि तसाच असायला हवा. मे २०२४ मध्ये केरळच्या किनाऱ्याला ‘कल्लक्कडल’चा, म्हणजे वारा नसताना पाणी आत घुसण्याचा, इशारा दिला गेला होता. अशा इशाऱ्यांत लाटांची उंची वाचून घाबरण्यासारखं काही वाटत नाही. कालावधी वाचला की कळतं. जो आकडा बघून आम्ही बोर्ड बाहेर काढतो, तोच आकडा बघून कुणीतरी होडी वर ओढून ठेवतो. हे मी विसरू शकत नाही आणि विसरू नये असं मला वाटतं.

मग भरती. कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-सव्वाअकरा. गोव्यात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी. उधाणाला मुंबईत चार-पाच मीटर, तर इथं दोनच्या आसपास. पण मंद उताराच्या वाळूवर दोन मीटर म्हणजे पुष्कळ. अष्टमीच्या पहाटे पाणी भरलेलं असतं, तेव्हा लाट शेवटपर्यंत न फुटता येते आणि थेट काठावर आपटते. अगदी ओहोटीला ती दूर कुठेतरी, लांबच्या लांब, एकाच वेळी कोसळते. मधलं पाणी, तेही चढतं, सगळ्यात चांगलं. म्हणून चतुर्दशी ते द्वितीया या सकाळी मी सहसा सोडत नाही. पहाटे ओहोटी संपलेली असते, सातच्या पुढे पाणी वाळूच्या दांड्यांवर चढू लागतं आणि मतलई वाराही अजून चालू असतो. सगळं एकत्र जमणारे दिवस महिन्यात थोडेच.

आज पौर्णिमा आहे, मार्चमधली. गोव्याच्या किनाऱ्याला सूर्य पाठीमागून उगवतो, त्यामुळे उजाडलं तरी वाळू बराच वेळ सावलीत राहते. ऊन आधी दूरच्या पाण्यावर पडतं आणि मग हळूहळू किनाऱ्याकडे सरकतं. समोर मावळतीला चंद्र. जीवरक्षक अजून आलेले नाहीत. रापणीची होडी माडाच्या ओंडक्यांवर ठेवलेली आहे आणि तिच्या आडोशाला बसलेले काका माझ्याकडे बघून म्हणतात, “बाय, वारो ना आयज.” त्यांना जाळं टाकायचंय, मला लाट घ्यायचीय, वाऱ्याबद्दल आमचं सहसा एकमत असतं.

मी पाण्यात लगेच शिरत नाही. बोर्डवर वॅक्स घासत उभी राहते. उष्ण प्रदेशासाठीचं वॅक्स पहाटे कडक असतं, छोट्या वर्तुळांत घासलं की त्याचे दाणे उठतात, आणि ते दाणेच ओल्या पायाला धरून ठेवतात. हात चालू, डोळे पाण्यावर. लाटा गटाने येतात. या गटाला सेट म्हणतात. तीन-चार मोठ्या लाटा, मग सामसूम, मग पुन्हा. एक पूर्ण सेट बघितल्याशिवाय समुद्राची खरी उंची कळत नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटं बघणं हे कामाचाच भाग आहे. लाट कुठे पहिल्यांदा फुटते, तिथून डावीकडे उलगडते की उजवीकडे, आणि पाणी परत कुठून जातं हे मी शोधते. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांच्या मधली शांत, किंचित गढूळ वाट म्हणजे रिप, परत जाणारा ओढा. पोहायला आलेला माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथं लाटा दिसत नाहीत. सर्फर त्याच ओढ्यावरून बोर्डावर पालथा पडून बाहेर जातो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये; बाजूला, किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्यातून बाहेर पडावं.

बाहेर जाताना पांढरं पाणी अंगावर येतं. माझा बोर्ड नऊ फुटी आहे, तो लाटेखाली दाबून नेता येत नाही. म्हणून फेस जवळ आला की कडा घट्ट धरून बोर्डासकट उलटायचं, पाठ पाण्यात, बोर्ड वर. फेस वरून गडगडत जातो, मग पुन्हा सुलट. दोन-तीनदा हे केलं की मागची निवांत जागा लागते, लाइन-अप. तिथं बोर्डावर बसायचं आणि क्षितिज बघायचं.

मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटते. एवढ्या पाण्यात तिचा वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर असतो, आणि हाताने वल्हवून माणूस त्याच्या निम्म्यापर्यंत जेमतेम पोचतो. उरलेला वेग लाटेच्या उताराने द्यायचा असतो. म्हणून जागा महत्त्वाची. खूप बाहेर राहिलं तर लाट खालून निघून जाते. खूप आत असलं तर ती डोक्यावर कोसळते. दूरवर एक ओळ काळपट होते. मी वळते, पालथी पडते, वल्हवू लागते, आणि मान मागे वळवून बघते की तिचा उंच भाग कुठे आहे. पाय आधी वर उचलले जातात. मग बोर्डाचा आवाज बदलतो: चुबुकचुबुक थांबते आणि फिनखालून एक सलग सूं येतो. या आवाजाला हात थांबवायचे. तळवे छातीखाली, एक दाब, पाय खाली ओढायचे, नजर मात्र बोर्डावर नाही, लाट जिकडे उलगडतेय तिकडे. मतलई वारा तोंडावर येतो, माथ्यावरून उडालेले थेंब मागे जातात. उजवीकडची भिंत अजून फुटलेली नसते, आणि तिच्या पुढे पुढे राहणं हे सगळं सर्फिंग. आठ-दहा सेकंद, क्वचित जास्त. शेवटी पाणी गुडघ्याएवढं होतं. तिथं सूर मारायचा नाही, आडवं पसरून पडायचं; उथळ वाळूवर मान मोडते.

लाटेचा एक नियम मला प्रिय आहे: जो फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी हात आवरायचे. अलीकडे सीझनमध्ये शिकणाऱ्यांची गर्दी असते आणि हा नियम सगळ्यांना सांगितला जात नाही. तो पहिल्या दिवशी, वाळूवरच सांगायला हवा. भारतात कर्नाटकातल्या मुल्कीच्या मंत्रा सर्फ क्लबपासून २००४ च्या सुमारास सर्फिंग शिकवण्याची परंपरा सुरू झाली, २०११ मध्ये सर्फिंगचं फेडरेशन झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. त्या किनाऱ्यांच्या लाटा आमच्याहून जोरकस आहेत. पण मंद उताराची वाळू, छातीएवढं पाणी आणि न मारणारी लाट ही शिकायला मिळणं भाग्याचं आहे. लहान लाटेवर चूक लपत नाही. तिच्याकडे ताकद कमी असते, म्हणून जागा आणि क्षण आपल्यालाच अचूक साधावा लागतो.

जूनपासून हे सगळं बंद. पावसाळी समुद्र वेगळा. यांत्रिक होड्यांनाही १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, लाल बावटे लागतात आणि त्या पाण्यात उतरू नये. ऑक्टोबरमध्ये वाळूचे दांडे नव्या जागी सापडतात आणि किनारा पहिल्यापासून वाचावा लागतो.

दहाला माझ्या मानेवर वारा वायव्येकडून लागतो. क्षितिजाजवळ पाण्याचा रंग बदललाय, तिथं बारीक सुरकुत्या पडल्यात. अर्ध्या तासात त्या इथं येतील. मी बाहेर येते, पायाला बांधलेली बोर्डाची दोरी, लीश, सोडते. काकांची माणसं जमलीयत, जाळ्याचे दोर ओढायला सुरुवात झालीय. उद्या प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण तास उशिरा. स्वेलमध्ये लांब कालावधीच्या लाटा सगळ्यांच्या पुढे धावतात, उंची मागून येते. आज सोळा सेकंद आणि कमरेएवढ्या होत्या, उद्या चौदा आणि छातीएवढ्या असतील. वारा मात्र तिथीप्रमाणे चालत नाही, तो दहालाच फिरेल. तेव्हा उद्या सात वाजता उतरायचं, आणि पाणी कमी असेल तर सुरुवात थोडी आणखी बाहेरच्या दांड्यावर करायची.