डोळ्यांना न दिसणारे टिपणारा कॅमेरा

टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचे पुढचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. हा अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश. गेल्या टर्ममध्ये हॉबी पिरियडला फिजिक्सच्या सरांनी हा प्रयोग दाखवला आणि तिथूनच आमचा उद्योग सुरू झाला.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापुढे, तांबड्या रंगाच्या पलीकडे अवरक्त प्रकाश असतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला.

कॅमेऱ्यातला सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो. म्हणजे कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाश मुळातच दिसतो! पण तो मिसळला की फोटोचे रंग बिघडतात. म्हणून कारखान्यातच सेन्सरपुढे एक फिकट निळसर काच बसवतात. ती अवरक्त प्रकाश अडवते. आपल्याला फक्त ही काच काढायची असते.

माझे बाबा फौजेत आहेत. त्यांच्याकडे एक जुना छोटा कॅमेरा होता. माझे लहानपणचे सगळे फोटो त्यानेच काढलेले आहेत. सर म्हणाले, "काच काढली की या कॅमेऱ्याने पुन्हा साधे रंगीत फोटो नीट येणार नाहीत. आधी घरी विचार." रविवारी मी फोन केला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जुने फोटो कॉम्प्युटरवर आहेत ना? मग कर. पण अर्धवट सोडू नकोस."

आता कृती. सर्वांत आधी धोका समजून घ्या. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. त्याचा झटका जोरदार बसतो. आमच्या कॅमेऱ्याचा कपॅसिटर सरांनी स्वतः रेझिस्टर लावून रिकामा केला, तोपर्यंत आम्ही लांब उभे होतो. हे काम एकट्याने मुळीच करू नका.

स्क्रू अगदी बारीक आणि वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी कागदावर कॅमेऱ्याचे चित्र काढले आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवला. चपट्या केबल ओढायच्या नाहीत, आधी त्यांची खिट्टी उचलायची. लेन्सच्या मागे सेन्सर असतो. ती निळसर काच आम्ही चिमट्याने अलगद उचलली. सेन्सरला बोट लागू द्यायचे नाही आणि पंखा बंद ठेवायचा, कारण धुळीचा एक कणसुद्धा प्रत्येक फोटोत डाग होऊन येतो.

इथे आम्ही चुकलो. काच काढली आणि कॅमेरा तसाच बंद केला. जवळची वही स्पष्ट दिसे, पण दूरचा ध्वजस्तंभ धूसर! सरांनी कारण सांगितले. काचेतून जाताना प्रकाश वळतो, त्यामुळे प्रतिमा किंचित मागे पडते. काच नसली की ती सेन्सरच्या पुढेच तयार होते. म्हणून तेवढ्याच जाडीची साधी काच परत बसवावी लागते. लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाच्या कव्हर स्लिपा एकावर एक ठेवून आम्ही ती जाडी जुळवली.

आता दृश्य प्रकाश अडवायचा होता. त्यासाठी बाजारात ७२० नॅनोमीटरचा फिल्टर मिळतो. आम्ही एका जुन्या फोटो स्टुडिओतून धुतलेल्या निगेटिव्ह रोलची काळी टोके आणली आणि दोन थर करून लेन्सपुढे लावली. डोळ्यांना ती काळी दिसतात, पण अवरक्त प्रकाश त्यांतून आरपार जातो. सुरुवातीला फोटो लालभडक येतो. गवतावर व्हाइट बॅलन्स केला की तो ताळ्यावर येतो.

मेसमागचे आंब्याचे झाड बर्फ पडल्यासारखे पांढरे आले, आकाश गडद. पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषते, पण अवरक्त शोषत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या तो परत फेकतात. याला 'वुड परिणाम' म्हणतात. इथे वुड म्हणजे लाकूड नव्हे! १९१० साली असे फोटो प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांचे ते नाव आहे.

हाउसमधल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: अंधारात माणूस दिसेल का? नाही. शरीराच्या उष्णतेची तरंगलांबी १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते. तिथे सिलिकॉन आंधळे असते. त्यासाठी थर्मल कॅमेरा लागतो, आणि तो पूर्ण वेगळा असतो.

पण एक गोष्ट मात्र दिसली. फील्डक्राफ्टसाठी मी एक लाकडी पेटी हिरवी रंगवून झुडपात ठेवली होती. पाच पावलांवरूनही ती कोणाला सापडली नव्हती आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. फोटोत पांढऱ्या पानांमध्ये ती काळी चौकोनी उठून दिसली. माझा रंग डोळ्यांना पानासारखा होता, पण अवरक्त प्रकाश तो गिळत होता. दुसऱ्या महायुद्धात असे छद्मावरण ओळखायला खास फिल्म वापरत. म्हणूनच आज सैन्याच्या गणवेशांचे आणि जाळ्यांचे रंग अवरक्त प्रकाशातही पानांशी जुळतील असे बनवतात.

तो फोटो मी बाबांना पाठवला, पेटी कुठे आहे ते न सांगता. उत्तर लगेच आले: "दिसली. आता अशी लपव की मला सापडणार नाही."

सध्या आम्ही वेगवेगळे हिरवे रंग फळीवर लावून एकेकाचा फोटो काढत आहोत.