लिथियमची न पसरणारी लाट

जगातल्या सर्वांत थंड वायूंपैकी एक बनवायचा, तर आधी भट्टी तापवावी लागते. चाकूने कापता येईल इतका मऊ लिथियम चारशे अंश सेल्सियसच्या वर नेला की त्याचे अणू सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतात. समोरून ६७१ नॅनोमीटरचा तांबडा लेझर त्यांना अडवतो. प्रकाशाचा एकेक कण शोषताना अणू जरा जरा मंदावतो. थोड्या वेळाने निर्वात पेटीच्या मध्यभागी सापळ्यात अडकलेल्या अणूंचा तांबडा ठिपका उजळतो. एवढंच काय ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पुढचं सगळं पडद्यावर.

मग बशीतल्या चहासारखं निववणं सुरू होतं. लेझरचा सापळा हळूहळू सैल करायचा, सर्वांत गरम अणू निसटू द्यायचे, उरलेल्यांना आपसांत आदळून स्थिरावू द्यायचं. कोट्यवधींमधले बहुतेक निघून जातात. नवख्याला ही उधळपट्टी वाटते. मला मात्र या कामातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या दशलक्षांशाइतकंही अंतर उरत नाही, आणि उरलेले अणू एकाच लाटेसारखे वागू लागतात. हेच बोस-आइनस्टाइन संघनन.

लिथियम-७ चे अणू एकमेकांना ढकलतील की ओढतील, हे चुंबकीय क्षेत्राने ठरवता येतं. सुमारे ५४४ गॉसला दोन्ही थांबतं. तिथून किंचित खाली उतरलं की हलकी ओढ सुरू होते. प्रकाशाच्या अरुंद नळीत ढग सोडला तर तो पसरायलाच हवा, लाटेचा स्वभावच तो. पण ओढ आणि पसरण यांचा तोल जुळला की ढग आकार न मोडता पुढे सरकतो. १८३४ मध्ये एडिनबर्गजवळच्या कालव्यात अशीच एक लाट पाहून जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून तिच्या मागे गेला होता. अणूंची अशी लाट, म्हणजे सॉलिटॉन, २००२ मध्ये ह्यूस्टन आणि पॅरिस इथल्या दोन गटांनी लिथियम-७ मध्येच दाखवली. एका लाटेत अणू ठरावीक मर्यादेपर्यंतच मावतात. जास्त झाले की ओढ जिंकते आणि ढग स्वतःवरच कोसळतो.

नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र घेतलं की अणू प्रकाशाने तापून उधळतात. पुढच्या चित्रासाठी पुन्हा भट्टीपासून सुरुवात. म्हणून सरकत्या लाटेची चित्रमालिका खरं तर वेगवेगळ्या लाटांची असते, आणि चुंबकीय क्षेत्र जराही हललं तर ती जुळत नाही. चुंबकातला विजेचा प्रवाह स्थिर राखणं हेच या कामातलं निम्मं भौतिकशास्त्र आहे, असं माझं मत आहे.

२०१४ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या रँडल ह्यूलेट यांच्या गटाने मात्र ढग फारसा न बिघडवता सॉलिटॉनच्या एकाच जोडीची अनेक चित्रं घेतली. एकमेकींच्या उलट चढउतार करणाऱ्या, म्हणजे विरुद्ध कलेतल्या दोन लाटा समोरासमोर आल्या, तेव्हा मधली जागा रिकामीच राहिली. जणू त्या न शिवताच मागे फिरल्या. मग एक लाट मुद्दाम मोठी ठेवली. टक्करीनंतर मोठी लाट पलीकडच्या बाजूला निघाली. त्या एकमेकींतून आरपार गेल्या होत्या.