सीन नदीवरची हजेरी
(बी. कॉम. भाग 2)

26 जुलै 2024 ची रात्र. बेळगावात पावसाची झड लागली होती. रात्री अकरा वाजता आम्ही तिघे दूरदर्शन संचासमोर बसलो: आजोबा, मी आणि शेजारी राहणारा माझा कन्नडभाषिक वर्गमित्र. पॅरिस ऑलिंपिकचे उद्घाटन पाहायचे होते. पाहतो तो तिकडेही धो धो पाऊस! "आपलाच पाऊस तिथवर गेला वाटतं," आजोबा म्हणाले.

उन्हाळी ऑलिंपिकचे उद्घाटन तोवर नेहमी क्रीडांगणात होत असे. पॅरिसने ते प्रथमच बाहेर, सीन नदीवर नेले. ऑस्टरलिट्झ पुलापासून आयफेल मनोऱ्यासमोरच्या त्रोकादेरोपर्यंत सुमारे 6 किलोमीटर खेळाडू बोटींतून आले. दोन्ही काठांवर तीन लाखांहून अधिक प्रेक्षक भिजत उभे होते. कल्पना भव्य खरी. पण पडद्यावर मध्येच नाच, मध्येच गाणे, मध्येच बोट, असे चालले होते. ज्यांच्यासाठी हा सोहळा, ते खेळाडू क्षणभर दिसत आणि नाहीसे होत.

आजोबांचा एकच प्रश्न होता, "आपला भारत कधी यायचा?" या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. संचलनात पहिला मान ग्रीसचा, कारण प्राचीन ऑलिंपिक तिथले. पॅरिसमध्ये त्याच्यामागे निर्वासितांचा संघ होता. सर्वांत शेवटी यजमान देश, आणि त्याच्या आधी पुढील दोन ऑलिंपिकचे यजमान, म्हणजे ऑस्ट्रेलिया व अमेरिका. बाकीचे देश यजमानांच्या भाषेतील अक्षरक्रमाने येतात. जर्मनीला फ्रेंचमध्ये 'आलमान्य' म्हणतात. म्हणून जर्मनी अगदी सुरुवातीलाच आला. आपले नाव तिथेही 'आय' या अक्षराने सुरू होते, त्यामुळे आम्हाला बराच वेळ थांबावे लागले. याउलट 2021 साली टोकियोत भारत 21 वा होता. जपानीत आपण 'इंदो', आणि जपानी अक्षरक्रम अ, इ, उ असा सुरू होतो. त्या क्रमावर संस्कृत वर्णमालेची छाप आहे, असे अभ्यासक सांगतात. थोडक्यात, रांगेतील आपली जागा आपण कोण यावर नव्हे, तर आपल्याला कोण कोणत्या नावाने हाक मारतो यावर ठरते.

मग आम्हा दोघांना एक खेळ सुचला. आपल्या वर्णमालेने क्रम लावला तर? मी मराठीत मोजू लागलो, मित्र कन्नडमध्ये. प, फ, ब, भ! दोघेही एकाच वेळी 'भारत'वर येऊन थांबलो. लिपी वेगळी, पण क्रम एकच. लहानपणापासून एकाच गल्लीत राहून ही साधी गोष्ट आमच्या कधी ध्यानात आली नव्हती. "पण आपल्याकडे ऑलिंपिक झालं, तर आपण शेवटीच की रे!" आजोबा म्हणाले. मित्र लगेच उत्तरला, "घरचे लोक पंगतीला शेवटीच बसतात, आजोबा."

अखेर भारताची बोट आली. साडी नेसलेली पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल यांच्या हाती तिरंगा होता. आजोबा सावरून बसेपर्यंत कॅमेरा दुसरीकडे वळलासुद्धा.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हटल्यावर खर्चाचा विचार मनात येणारच. 1976 च्या ऑलिंपिकचे कर्ज माँट्रिअलला फेडता फेडता 2006 साल उजाडले. उलट 1984 साली लॉस एंजेलिसने जुनीच क्रीडांगणे वापरली, खाजगी कंपन्यांचा पैसा घेतला आणि शिल्लक दाखवली. आज मोठे उत्पन्न प्रक्षेपणाच्या हक्कांतून येते. एका अमेरिकन कंपनीने 2032 पर्यंतच्या हक्कांसाठी 2014 साली सुमारे पावणेआठ अब्ज डॉलरचा करार केला. सोहळा नदीकाठच्या प्रेक्षकांपेक्षा कॅमेऱ्यासाठी का रचला जातो, हे या आकड्यावरून उमगते.

ध्वजारोहणाच्या वेळी एक घोटाळा झाला. पाच कड्यांचा ध्वज उलटा चढला! हा ध्वज ऑलिंपिकमध्ये प्रथम फडकला तो 1920 साली, बेल्जियममधील अँटवर्प येथे. खेळाडूंची शपथही तिथेच प्रथम घेतली गेली. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा छोटासा संघ होता. त्याच्या खर्चाला दोराबजी टाटांनी हात दिला होता. त्या संघातले फडेप्पा चौगुले हे मूळ आपल्या बेळगावचे. मॅरेथॉनमध्ये ते 19 वे आले. हे मला त्या रात्री ठाऊक नव्हते. नंतर वाचनात आले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर मराठी की कन्नड, कोणालाच ते नाव माहीत नव्हते.

शेवटी ज्योत आली. शंभर वर्षांचे फ्रेंच सायकलपटू शार्ल कोस्त चाकांच्या खुर्चीत बसून ती हाती धरून होते. 1948 चे ते सुवर्णपदकविजेते. त्यांच्याकडून ज्योत तेडी रिनेर आणि मारी-जोसे पेरेक यांच्याकडे गेली, आणि एक प्रचंड फुगा प्रकाशमान होऊन आकाशात चढला. त्यात आग नव्हतीच. विजेचा प्रकाश आणि पाण्याचे तुषार यांचा तो खेळ होता. आजोबा मात्र फुग्याकडे पाहत नव्हते. ते म्हणाले, "त्यांनी आपल्या म्हाताऱ्याला लक्षात ठेवलं बघ."

वाचकहो, ऑलिंपिक भरवायला अब्जावधी लागतात; आठवण ठेवायला काहीच लागत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात उद्घाटनाच्या वेळी दोन मिनिटे चौगुल्यांचे नाव घेतले, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये, तर बेळगावच्या या धावपटूची हजेरी शंभर वर्षांनी का होईना, लागेल.