नळाचं पाणी स्वच्छ दिसतं, पण तपासलं का?

मैत्रिणींनो, पाऊस सुरू झाला की घराघरात जुलाब-उलट्या सुरू होतात. आपण म्हणतो, "पाणी तर काचेसारखं होतं!" पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि नायट्रेटला रंग नाही, वासही नाही. एकलहरे गोदाकाठी आहे, नदीच्या वरच्या अंगाला नाशिक शहर आहे आणि भोवती खतांची शेती. म्हणून आपल्याला तपासणी समजलीच पाहिजे.

पिण्याचं पाणी कसं असावं हे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 या मानकात लिहिलं आहे. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही नको. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. ते वाढलं तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला धोका असतो. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.

तपासणी कशी होते?

1. टीसीएल: टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. नळाच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. शेवटच्या घरीसुद्धा लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. रंग आलाच नाही तर टीसीएल कमी पडली, पावडर जुनी झाली किंवा पाइप कुठेतरी फुटून घाण आत शिरते आहे. टीसीएलचं पोतं ओलाव्यात उघडं राहिलं की तिची ताकद जाते.

2. जंतू: एचटूएस बाटलीत पाणी भरून ठेवायचं. 24 ते 48 तासांत काळं पडलं तर विष्ठेचे जंतू असण्याची शक्यता. मग प्रयोगशाळेत नमुना पाठवून खात्री करायची आणि तोवर पाणी उकळून प्यायचं.

3. रसायनं: फील्ड टेस्ट किटने नायट्रेट, फ्लोराइड, क्षारता गावातच कळते.

15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हायला हवी. याशिवाय स्रोताच्या आजूबाजूची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा पाहून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: लाल म्हणजे जोखीम जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. पण हिरवं कार्ड म्हणजे आजच्या हंड्याची हमी नव्हे.

आणखी एक गोष्ट. आयएस 10500 पाळलं नाही म्हणून कोणाला थेट दंड होत नाही. म्हणून विचारणारं कोणी असेल तरच तपासणी वेळेवर होते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्या फक्त सहीपुरत्या राहू नयेत.

पुढच्या ग्रामसभेत गटाने मिळून तीन प्रश्न विचारा:

- आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आणि का?
- शेवटचा नमुना कधी गेला, अहवाल कुठे लावला?
- किट कोणाकडे आहे, त्यातली रसायनं मुदतीत आहेत का?

उत्तर तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्या. कर्जाचा हप्ता वहीत मांडतो, तसाच पाण्याचा हिशेबही मांडायला शिकूया.