एक ‘मॅग’, बारा गावं

सांगली स्टँडवर चौकशीच्या खिडकीत नुसतं "कवठ्याची गाडी कितीला?" म्हणून बघा. आतला माणूस मान वर न करता विचारतो, "कुठलं कवठं?" दसऱ्याच्या आतषबाजीचं कवठे एकंद तासगावच्या वाटेवर, हिंदकेसरी मारुती मान्यांचं कवठे पिरान वारणेकडं आणि आमचं महांकाळ मिरजेच्या पुढं. तोंडावळा एक, गाड्या तीन.

इंग्रजी शब्दांचंही तसंच. एम-ए-जी एवढी तीनच अक्षरं घ्या.

मॅग्नम, मॅग्निफाय, मॅग्निट्यूड यांत लॅटिन ‘मॅग्नस’ आहे, म्हणजे मोठा. तो आपल्या ‘महा’चा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे महांकाळातला ‘महा’ही त्याच भावकीतला. मॅजिस्ट्रेटही याच घरचा. ‘मॅजिस्टर’ म्हणजे वरचढ, आणि त्याच शब्दाचा घासून घासून ‘मास्तर’ झाला. तालुक्याचे तहसीलदार कार्यकारी मॅजिस्ट्रेट, म्हणजे शाळेतल्या मास्तरांचे भाऊबंदच! उलट ‘मिनिस्टर’चं मूळ ‘मायनस’कडं जातं. अर्थ धाकटा, सेवक. (हे मुंबईत कुणी सांगायचं?)

आता मॅग्नेशियम. पानं पिवळी पडली की द्राक्षबागायतदार मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. त्यातलं ‘मॅग’ मोठेपणाचं नव्हे, ते ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या मुलखाचं. मॅग्नेटही तिथलंच.

साडीच्या दुकानात ज्याला आपण ‘राणी कलर’ म्हणतो तो मॅजेंटा. हे इटलीतलं गाव. 1859 च्या जूनमध्ये तिथं फ्रेंच आणि ऑस्ट्रियन फौजांची लढाई झाली. त्याच सुमारास निघालेल्या नव्या रंगाला विजयाच्या भरात गावाचं नाव चिकटलं. लढाई इतिहासाच्या पुस्तकात राहिली, रंग पदरावर आला.

मॅजिक इराणचं. तिकडच्या पुरोहितांना ‘मगु’ म्हणत. ग्रीकांना त्यांचे विधी जादूटोण्यासारखे वाटले. मुंबईच्या अग्यारीतल्या ‘मोबेद’ या पदवीतही तोच मगु दडलाय.

आणि मॅगझीन! मूळ अरबी, ‘मखझन’ म्हणजे कोठार. बंदुकीत गोळ्या साठवायची जागाही म्हणूनच मॅगझीन. 1731 मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्हनं ‘जंटलमन्स मॅगझीन’ काढलं, तेव्हा त्याच्या मनात मजकुराचं कोठार होतं. त्या हिशेबानं इकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं ही अस्सल मॅगझिनं, आणि तुम्ही वाचताय ते नक्कल.

मॅगपाय या पक्ष्यातली ‘मॅग’ म्हणजे मार्गारेट. आपण पोपटाला मिठू म्हणतो तसं बडबड्या पाखराला ठेवलेलं लाडाचं नाव.

राहिली मॅगी. ते तर निव्वळ आडनाव, युलियस मॅगी या स्वित्झर्लंडच्या गिरणीवाल्याचं. गाड्यावर उभं राहून "एक पाटील द्या, तिखट जास्त" म्हटल्यासारखंच की!